डेकची तुळई किती भार पेलेल?

अमेरिकेतील उपनगरी घरांच्या मागील बाजूस बहुधा लाकडी डेक असतो. आपल्याकडील अंगण, ओटा आणि माडीचा सज्जा या तिघांचे काम तो एकटा करतो. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्याही तो चांगला अंगवळणी पडला आहे. भारतातून आलेल्या आईवडिलांचा सकाळचा चहा, मुलांचे वाढदिवस, उन्हाळ्यातील स्नेहभोजने हे सारे डेकवरच होते. एरवी तिथे चार माणसांचा वावर असतो. वर्षातून एखाद्या दिवशी मात्र चाळीस माणसे जमतात. त्या दिवशी त्यांचे जवळजवळ निम्मे वजन खालच्या एका तुळईवर येते. ती तुळई कोणत्या लाकडाची आहे, तिचे खांब किती अंतरावर आहेत, ती आतून शाबूत आहे का, याची चौकशी घर विकत घेताना क्वचितच होते.

‘इतकी वर्षे काही झाले नाही, म्हणजे डेक भक्कमच असणार’ असे घरमालक सहज म्हणून जातो. या म्हणण्यात एक मोठी उणीव आहे. डेकवर पूर्ण भार आजवर कधी आला होता का, हा प्रश्न त्यात सुटून जातो. २९ जून २००३ रोजी शिकागोच्या लिंकन पार्क भागात एका निवासी इमारतीच्या मागील लाकडी सज्ज्यांवर मेजवानीची गर्दी जमली होती. तिसऱ्या मजल्यावरचा सज्जा खालच्या सज्ज्यांवर कोसळला. १३ जण मृत्युमुखी पडले आणि पन्नासहून अधिक जखमी झाले. त्या रात्रीपर्यंत तो सज्जा काही वर्षे व्यवस्थित उभा होता. डेक उभा आहे एवढ्यावरून तो रोजचे वजन पेलतो इतकेच सिद्ध होते. गर्दीच्या दिवसाचे उत्तर मोजमाप आणि साधा हिशेब यांतूनच मिळते.

भाराची वाट

जुन्या वाड्यातील कडीपाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना डेकची रचना समजावून सांगण्याची गरज नाही. वरच्या फळ्या कड्यांवर टेकतात, कड्या तुळईवर, तुळई खांबांवर आणि खांब जमिनीतील काँक्रीटच्या पायावर. फरक एवढाच, की डेकच्या कड्यांचे एक टोक घराच्या भिंतीला जडवलेल्या आडव्या फळीला जोडलेले असते. या फळीस तिकडे लेजर म्हणतात. त्यामुळे डेकचा निम्मा भार भिंतीकडे आणि निम्मा तुळईकडे जातो.

समजा, डेक भिंतीपासून १२ फूट पुढे आलेला आहे, त्याची लांबी १६ फूट आहे आणि तुळई बाहेरच्या कडेखाली आहे. अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेनुसार डेकवर माणसे व सामान यांचा भार दर चौरस फुटाला ४० पौंड, म्हणजे सुमारे १८ किलो धरतात. लाकडाचे स्वतःचे वजन म्हणून आणखी १० पौंड मिळवले की एकूण ५० पौंड होतात. १९२ चौरस फुटांच्या या डेकवर पूर्ण भार ९,६०० पौंड भरतो. त्याचा निम्मा, म्हणजे ४,८०० पौंड, १६ फूट लांबीच्या तुळईवर पसरला, तर तिच्या दर फूट लांबीवर ३०० पौंड येतात. पुढच्या साऱ्या हिशेबाचा पाया हाच आकडा आहे.

दर चौरस फुटाला ४० पौंड हे फार वाटेल. परंतु १६० पौंड वजनाची ४८ माणसे या डेकवर सारखी पसरून उभी राहिली, तर तेवढा भार होतो. माणसे मात्र सारखी पसरून कधीच उभी राहत नाहीत. छायाचित्र काढण्यासाठी किंवा फटाके पाहण्यासाठी सगळे बाहेरच्या कठड्याशी येतात. ३० माणसे कठड्यालगतच्या चार फुटांच्या पट्ट्यात दाटली, तर त्यांच्या ४,८०० पौंडांपैकी ४,००० पौंड तुळईवर येतात. डेकभर पसरलेली ४८ माणसे तुळईवर ३,८४० पौंडच टाकतात. म्हणजे कडेला दाटलेली तीस माणसे पसरलेल्या अठ्ठेचाळिसांपेक्षा तुळईला जड जातात.

पाण्याची गोष्ट आणखी निराळी. एक फूट खोल पाण्याचे वजन दर चौरस फुटाला ६२ पौंडांहून अधिक असते. लहान मुलांसाठी डेकवर मांडलेला फुटभर पाण्याचा हौदसुद्धा त्या जागेपुरती मर्यादा ओलांडतो. गरम पाण्याचे मोठे टब डेकवर बसवण्यापूर्वी अभियंत्याकडून स्वतंत्र रचना करून घ्यावी लागते, ती याच कारणाने.

हिशेब

तुळई वाकवणाऱ्या परिणामास अभियंते ‘बेंडिंग मोमेंट’ म्हणतात. सारख्या पसरलेल्या भारासाठी तो काढण्याची रीत सोपी आहे. दर फुटाचा भार गुणिले खांबांमधील अंतराचा वर्ग, भागिले आठ. खांब ८ फुटांवर असतील, तर ३०० गुणिले ६४ भागिले ८, म्हणजे २,४०० फूट-पौंड. इंचांत सांगायचे तर २८,८०० इंच-पौंड.

आता तुळईची ताकद. डेकची तुळई बहुधा दोन फळ्या उभ्या कडेने एकमेकींना खिळवून केलेली असते. ‘दोन बाय दहा’च्या दोन फळ्या हा नेहमीचा प्रकार. आयताकृती छेदाची ताकद रुंदी गुणिले उंचीचा वर्ग भागिले सहा या सूत्राने मोजतात. एका फळीची ताकद यावरून २१.४ घन इंच आणि दोहोंची मिळून ४२.८ घन इंच येते. २८,८०० ला ४२.८ ने भागले, की लाकडातील ताण दर चौरस इंचाला सुमारे ६७३ पौंड निघतो. डेकसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सदर्न पाइन लाकडाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या प्रतीस, या मापाच्या फळीत, ८०० पौंडांपर्यंत ताण मान्य आहे. तुळई पास झाली.

हेच खांब १० फुटांवर असते, तर काय झाले असते? अंतर सव्वापट झाले. पण सूत्रात अंतराचा वर्ग असल्यामुळे परिणाम दीडपटीहून अधिक होतो. ताण सुमारे १,०५२ पौंडांवर जातो आणि तीच तुळई नापास ठरते. ती उद्याच मोडेल असे मात्र नाही. मान्य मर्यादा ठरवताना बरीच ताकद राखीव ठेवलेली असते. लाकडातील गाठी, ओल, सुताराच्या हातून राहिलेली उणीव आणि अनपेक्षित गर्दी यांच्यासाठी ती शिल्लक असते. नापास तुळई ही शिल्लक आधीच खर्च करून बसलेली असते.

फसगतीच्या जागा

पहिली फसगत मापाची. ‘दोन बाय दहा’ हे फळीचे नाव आहे, माप नव्हे. रंधून तयार झालेली फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वानऊ इंच उंच असते. नावावर विसंबून हिशेब केला, तर ताकद खऱ्यापेक्षा दीडपटीहून जास्त दिसते. म्हणून टेप लावून प्रत्यक्ष माप घेणे ही तपासणीची पहिली पायरी होय.

दुसरी फसगत पुढे आलेल्या कड्यांची. पुष्कळ डेकमध्ये कड्या तुळईवर संपत नाहीत, तर दीड-दोन फूट पुढे जातात. वरील उदाहरणात तुळई १२ फुटांवरच ठेवून कड्या आणखी दोन फूट बाहेर काढल्या, तर तुळईवर दर फुटाला ३०० ऐवजी ४०८ पौंड येतात. बाहेरचा भाग तरफेसारखा दाब टाकतो आणि तो सारा तुळईला सोसावा लागतो. ८ फुटांवर खांब असलेली, आताच पास झालेली तुळई ९१६ पौंडांचा ताण घेऊन नापास होते.

तिसरी फसगत जुन्या तक्त्यांची. सदर्न पाइनच्या मान्य ताणांचे आकडे नव्या चाचण्यांनंतर २०१३ मध्ये कमी करण्यात आले. दुसऱ्या क्रमांकाच्या ‘दोन बाय दहा’ फळीसाठी पूर्वी १,०५० पौंड ताण मान्य होता, तो ८०० वर आला. खांब १० फुटांवर असलेली वरील तुळई जुन्या आकड्यानुसार जेमतेम काठावर बसत होती. म्हणजे त्या काळी नियमाप्रमाणे बांधलेला डेकही आजच्या आकड्यांत तोकडा पडू शकतो. जुन्या पुस्तकातील किंवा दुकानात चिकटवलेल्या तक्त्यावर विसंबण्यापूर्वी त्याचे वर्ष पाहावे.

लाकूड कोणते हे ठाऊक नसेल, तर फळीवरचा शिक्का शोधावा. त्यावर जात आणि प्रत नोंदवलेली असते. शिक्का पुसला गेला असेल, तर हिशेबात कमी प्रतीचेच लाकूड धरणे शहाणपणाचे.

डोळ्यांवर विसंबू नये

तुळई अशक्त असेल तर ती वाकलेली दिसेल, असा सर्वसाधारण समज आहे. वरील उदाहरण तोही खोटा ठरवते. १० फुटांवर नापास झालेली ती तुळई पूर्ण भाराखाली मध्यभागी सुमारे पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटर वाकते. मेजवानीच्या गडबडीत एवढे वाकणे कोणाच्याही नजरेस येणार नाही. उलट, एखादी फळी मुळातच थोडी वाकडी असते आणि तिच्या ताकदीला त्याने बाध येत नाही. लाकडाच्या अंगावर उभ्या रेषेत पडलेल्या उथळ, बारीक भेगाही बहुधा वाळण्याच्या असतात. चिंता करावी ती आरपार गेलेल्या फटीची, तळकाठाशी आडव्या जाणाऱ्या चिरेची आणि तळाशी कोणी नळ किंवा तार नेण्यासाठी घेतलेल्या खाचेची.

सर्वांत घातक शत्रू मात्र आतून काम करतो. १६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावरचा सज्जा कोसळून सहा जण दगावले आणि सात जखमी झाले. सज्ज्याला पेलणाऱ्या लाकडी कड्या कुजल्या होत्या. इमारत २००७ मधील होती, म्हणजे आठ वर्षांचीच. वरून सारे नीटनेटके दिसत असताना आत अडकलेल्या पाण्याने लाकूड खाल्ले होते.

लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या आत राहिला, तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. तुळईवर ओल साठण्याच्या जागा ठरलेल्या असतात. दोन फळ्यांमधील फट, कड्या टेकतात तो माथा, तुळईची कापलेली टोके, बोल्टांभोवतीचा भाग आणि खांबाचा तळ. रसायन मुरवलेले लाकूडही यातून सुटत नाही, कारण रसायन पुष्कळदा गाभ्यापर्यंत पोहोचलेले नसते आणि कापलेल्या टोकाशी गाभाच उघडा पडतो.

तपासणीचे साधन घरोघरी असते. दाभण किंवा टोकदार स्क्रूड्रायव्हर या जागांवर जोराने टोचावा. निरोगी लाकूड टोकाला विरोध करते आणि उचकटल्यास त्याची लांब, चिवट ढलपी निघते. कुजलेल्या लाकडात टोक सहज पाव इंच वा अधिक शिरते आणि तुकडा भुसभुशीत, आखूड तुटतो. तुळईवर हातोडीने ठोकून पाहिल्यास कुजक्या भागाचा आवाज बद्द येतो.

थोडे कुजले तर काय बिघडले, असेही म्हणता येणार नाही. ताकद उंचीच्या वर्गावर अवलंबून असते. सव्वानऊ इंचांपैकी माथ्याचा एक इंच गेला, तर तुळईची पाचवा हिस्सा ताकद जाते. ८ फुटांवर खांब असलेल्या आपल्या उदाहरणातील तुळईचा ताण त्यामुळे ६७३ वरून सुमारे ८४६ पौंडांवर पोहोचतो. हिशेबात पास झालेली तुळई एका इंचाच्या कुजण्याने नापास होते.

तुळई कशावर टेकली आहे?

तुळई भक्कम ठरली, तरी तिचा भार पुढे कसा जातो ते पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. तुळई खांबाच्या डोक्यावर पूर्णपणे टेकलेली असावी. अनेक जुन्या डेकमध्ये तिच्या फळ्या खांबाच्या दोन बाजूंना बोल्टांनी नुसत्या आवळलेल्या आढळतात. अशा वेळी सारा भार दोन-तीन बोल्टांवर लोंबकळतो. अमेरिकन वुड कौन्सिलच्या डेकविषयक मार्गदर्शिकेत ही पद्धत निषिद्ध आहे. दोन तुकड्यांचा सांधाही खांबावरच यावा. दोन खांबांमध्ये अधांतरी नसावा.

लोखंडी खिळे-बोल्टांचा गंज पाहावा. निवासी कामासाठी आर्सेनिकयुक्त रसायन वापरणे अमेरिकेत २००३ अखेर बंद झाले. त्यानंतर आलेल्या तांबेयुक्त रसायनांनी साधे लोखंड लवकर गंजते. म्हणून अशा लाकडात जाड जस्तलेपाचे किंवा स्टेनलेस स्टीलचेच खिळे-बोल्ट असावे लागतात.

पायाचाही हिशेब करावा. १६ फुटांची अखंड तुळई तीन खांबांवर असेल, तर मधल्या खांबावर सुमारे ३,००० पौंड, म्हणजे १,३६० किलो भार येतो. जमीन दर चौरस फुटाला १,५०० पौंड सोसणारी धरली, तर पायाचा तळ दोन चौरस फुटांचा हवा. गोल असल्यास व्यास १९ इंचांहून किंचित अधिक. थंड प्रदेशात हा तळ जमीन गोठते त्या खोलीच्या खाली जावा लागतो, नाहीतर हिवाळ्यात खांब वर उचलला जातो.

भिंतीकडची लेजर फळी विसरून चालणार नाही. डेकचा दुसरा निम्मा भार तिच्यावर असतो आणि डेक पडण्याच्या घटनांत ती भिंतीतून उपटून येणे हे वारंवार आढळणारे कारण आहे. ती केवळ खिळ्यांनी ठोकलेली असेल, तर तुळई कितीही जाड असली तरी डेक असुरक्षित समजावा. लेजर बोल्टांनी किंवा जाड स्क्रूंनी भिंतीच्या आतील चौकटीला धरलेली असावी. ओढल्यावर निघून येतील अशा खिळ्यांवर ती टांगणे संहितेला मान्य नाही. भिंत आणि लेजर यांच्यामध्ये पाणी जाऊ नये म्हणून पत्र्याची पट्टी आहे की नाही, हेही पाहावे.

तोकडी तुळई सुधारता येते

नापास तुळई म्हणजे नवा डेक, असे नाही. सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे मध्ये एक खांब वाढवणे. १० फुटांचे अंतर ५ फुटांवर आले, की वाकवणारा परिणाम एकचतुर्थांश होतो. मात्र नव्या खांबाला स्वतःचा पाया हवा. फरशीवर किंवा मातीवर ठेवलेला टेकू हा खांब नव्हे. दुसरा उपाय तिसरी फळी जोडण्याचा. तिने ताण १,०५२ वरून सुमारे ७०१ पौंडांवर येतो. ही फळी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत अखंड आणि खांबांवर टेकलेली असली, तरच तिचा उपयोग. कुजलेल्या तुळईला नवी फळी चिकटवणे मात्र व्यर्थ. ती बदलावीच लागते, आणि बदलताना डेकला तात्पुरता आधार देण्याचे काम जाणकाराकडेच सोपवावे.

बर्कलीच्या दुर्घटनेनंतर कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये कायदा केला. तीन किंवा अधिक भाड्याची घरे असलेल्या इमारतींतील अशा लाकडी सज्ज्यांची दर सहा वर्षांनी तपासणी त्याने बंधनकारक झाली. स्वतंत्र बंगल्याच्या डेकला हा कायदा लागू नाही. तेथे तपासणीची जबाबदारी घरमालकाचीच राहते. घरखरेदीच्या वेळी होणारी पाहणी बहुधा नजरेने केलेली असते; तीत तुळईचा हिशेब नसतो. डेकच्या परवान्याची व नकाशाची नोंद नगरपालिकेच्या बांधकाम विभागात मागता येते. मोजमापात शंका आली, डेक उंच असला किंवा त्यावर टब बसवायचा असला, तर परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.

ही परीक्षा केवळ परदेशातील घरांपुरती नाही. महाराष्ट्रातील जुने वाडे आणि चाळींच्या लाकडी गॅलऱ्या यांचेही गणित हेच आहे. भारतीय मानकानुसार घराच्या सज्ज्यासाठी दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०६ किलो भार धरतात. अमेरिकेतील डेकच्या ४० पौंडांपेक्षा तो दीडपटीहून अधिक आहे. सागवान टिकाऊ खरे. परंतु त्याची भिंतीत गेलेली टोके पावसाळ्यामागून पावसाळे ओल पीत असतात, आणि दाभण टोचायची जागा तीच.

डेकच्या तपासणीला टेप, दाभण, कागद-पेन्सिल आणि सुटीची एक दुपार पुरते. खांबांमधील अंतर, तुळईचे खरे माप आणि कड्यांची लांबी लिहून घ्यावी, ओलीच्या जागा टोचून पाहाव्यात, सांधे तपासावेत. ही दुपार पाहुण्यांना आमंत्रणे जाण्यापूर्वीची असावी. उत्तर ‘नापास’ आले, तर दुरुस्ती होईपर्यंत मेजवानी डेकवर न ठेवता खाली हिरवळीवर मांडावी.